पानाखालचा नाकतोडा

फंग सुहुआ आमच्याच गल्लीत राहते. वय झालं, पाठ वाकली, पण चिनीमातीची फुलदाणी दिसली की अजूनही ती आधी फिरवून मागची बाजू बघते. जिंगदेझन हे चीनमधलं चिनीमातीचंच गाव, इथे फुलदाण्यांना तोटा नाही, त्यामुळे तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. तिच्या या सवयीमागची गोष्ट घडली तेव्हा मी कारखान्याच्या शाळेत शिकवत होते. जे घडलं त्यातलं थोडं सुहुआने सांगितलं, बाकीचं भट्टीवाल्या च्यांगकाकांनी.

तिचे वडील जुन्या पेढीत फुलं आणि किडे रंगवायचे. त्यांचा नाकतोडा गावात ओळखला जाई, कारण त्याची डावी मिशी मध्येच मोडलेली असे. "रिकामी जागा म्हणजे उपाशी पाहुणा," असं ते म्हणत, आणि भांड्यावर रिकामी जागा राहिली की तिथे नाकतोडा बसवत. सुहुआ लहानपणापासून त्यांच्याशेजारी बसून शिकली. वडील गेले, हात मात्र तिच्याकडे राहिला.

मग दिवस पालटले. पेढ्या जाऊन कारखाना झाला, आणि सांस्कृतिक क्रांतीत किडे, पऱ्या, कमळं, नदीकाठचे विद्वान, सगळंच जुनाट ठरलं. कारखान्यात एक नक्षी उरली. समोर लाल सूर्य, त्याखाली घोषवाक्य आणि दोन्ही बाजूंनी सूर्याकडे तोंड करून उभी सूर्यफुलं. सूर्य एकाने रंगवायचा, अक्षरं दुसऱ्याने, फुलं सुहुआने. आता फुलदाणी गोल. डावीकडची फुलं सूर्याकडे बघणार, उजवीकडचीही बघणार, मग मागे दोन फुलांच्या पाठी एकमेकींकडे होणार आणि त्यांच्यामध्ये दोन बोटं जागा रिकामी राहणार. मंजूर झालेल्या चित्रात त्या जागी काहीच नव्हतं.

त्या हिवाळ्यात प्रांताच्या प्रदर्शनासाठी एक हातभर उंच फुलदाणी तयार झाली. रंग भाजून झाले होते. सुहुआ सकाळी ती फडक्याने पुसत होती आणि मागच्या बाजूला तिचा हात थांबला. दोन फुलांच्या मध्ये, एका पानाच्या कडेवर नाकतोडा बसला होता. डावी मिशी मोडलेली. कधी काढला ते तिला आठवेना.

क्रांतीच्या सूर्यफुलाचं पान किडा खातोय. याचा अर्थ कारखान्याच्या क्रांती समितीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि किडा कोणाच्या हातचा हेही गावात कोणाला विचारावं लागलं नसतं. फुलदाणी फोडायचीही सोय नव्हती, कारण समोर सूर्य होता, आणि सूर्य म्हणजे साक्षात अध्यक्ष. हू नावाच्या हमालाच्या हातून असल्याच सूर्याची एक ताटली निसटून फुटली होती. तो अजून गळ्यात गुन्ह्याची पाटी अडकवून चिखल मळत होता.

सुहुआने फुलदाणी आपल्या कापसाच्या कोटात गुंडाळली आणि रंगांच्या भट्टीकडे गेली. च्यांगकाका तिखट घातलेल्या तांदळाच्या शेवया खात बसले होते.

"काका, ही पुन्हा भट्टीत घालायची आहे."

"का, थंडी वाजतेय तिला?"

तिने कोट बाजूला करून मागची बाजू दाखवली. काकांचं चावणं थांबलं.

"तुझा बाप मेला तरी गप्प बसत नाही," ते म्हणाले. "आणि मला कशाला दाखवलंस? आता मीही बघितलं ना."

"वरून जाड हिरवं पान काढते. दुसऱ्यांदा भाजलं की झाकून जाईल."

"आणि सूर्य? तो लाल दुसरा जाळ सोसेलच असं नाही. किडा निदान मागे तरी आहे. काळा सूर्य कुठे लपवशील?"

सुहुआने कोट पुन्हा फुलदाणीभोवती ओढला.

"उद्या सकाळी समितीचा रेन बघायला येतोय," काका म्हणाले.

"माहीत आहे."

काकांनी वाटी खाली ठेवली. "दुपारच्या सुट्टीत रंगव. सुकलं की आण. मधोमध ठेवीन, जाळ बेताचा ठेवीन. पण विचारलं तर सांगेन, तिने दिली, मी भाजली, का ते मला ठाऊक नाही."

"तसंच सांगा."

"तसं सांगितलं तर तू एकटी अडकशील, वेडे," काका चिडून म्हणाले आणि पुन्हा खायला लागले.

सगळे जेवायला गेल्यावर तिने कुंचला भिजवला. आधी नाकतोड्याचे पाय झाकले, मग पोट, मग डोळा. मिशी शेवटी झाकली.

दुसऱ्या दिवशी रेन ठरल्यापेक्षा लवकर आला. समितीचा हा प्रमुख विशीतला, माझ्याच शाळेतून गेलेला. मुलगा वाईट नव्हता. वर्गात रेघा सरळ आखायचा, आणि शेजाऱ्याची वाकडी दिसली की ती खोडून द्यायचा.

"भट्टी उघडा," तो म्हणाला.

"अजून गरम आहे."

"लांबून बघतो."

"थंड वारा लागला की तडा जातो, कॉम्रेड," काका म्हणाले. "सूर्याला तडा गेला तर नाव कोणाचं सांगू?"

रेन एका पालथ्या टोपलीवर बसला. बांधणीवाले पेटी आणि पेंढा घेऊन दारात उभे राहिले. सुहुआ कुंचले लांबीप्रमाणे लावत होती. लावून झाले की पुन्हा विस्कटून लावत होती.

"दुसऱ्यांदा का भाजली?" रेनने भट्टीची नोंदवही बघत विचारलं.

सुहुआचे हात थांबले. काकांनी भट्टीच्या भिंतीला तळवा लावून बघितला.

"प्रदर्शनाची वस्तू. माझ्या घरची असती तर एकदाच भाजली असती."

बऱ्याच वेळाने त्यांनी झाकण सरकवलं, हाताला फडकी गुंडाळली आणि फुलदाणी वर काढली. सुहुआकडे मागची बाजू होती. पान बसलं होतं, पण फुलांचा पिवळा रंग करपल्यासारखा झाला होता. पिवळा करपला तर लाल काय झाला असेल? तिला काकांचा चेहरा दिसत होता, आणि त्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी फुलदाणी सावकाश फिरवली.

सूर्य लाल होता. जरा गडद, पण लाल.

रेनने ती उजेडात नेली. समोरून बघितली, अक्षरं वाचली. मग दोन्ही हातांत धरून उचलली आणि त्याची बोटं मागच्या बाजूवरून फिरली. एका जागी थांबली.

"इथे पान जाड झालंय."

"या वर्षी खत बरं पडलंय," काका म्हणाले.

दारातले बांधणीवाले हसले. कोण हसलं ते रेनने वळून बघितलं, मग त्यालाही हसू आलं. "आणि फुलं तपकिरी का?"

"पिकली आहेत," सुहुआ म्हणाली. त्या सकाळी ती एवढंच बोलली.

फुलदाणी पेंढ्यात गेली, पेटीला खिळे बसले. प्रदर्शनानंतर ती कुठे गेली ते आम्हाला कधी कळलं नाही.

पुढची कित्येक वर्षं सुहुआ सूर्यफुलंच रंगवत राहिली. मागच्या रिकाम्या जागेशी आली की डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायची. बाजूच्या मुलींना वाटे, संधिवात आहे.

मग पुन्हा दिवस पालटले. हाँगकाँगचे व्यापारी आले आणि त्यांना फुलं नि किडेच हवे होते. कारखान्याने जुने हात शोधून काढले. सुहुआने टोपल्या भरभरून नाकतोडे काढले, पोरींनाही शिकवले. च्यांगकाका एकदा एक वाटी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "काय गं, याच्या मिशा सरळ कशा? बापाचा कुठे गेला?"

"तो एकाच ठिकाणी आहे," ती म्हणाली.

आता लाल सूर्याच्या फुलदाण्यांना भाव आलाय. जुन्या लोक हौसेने घेतात, आणि नव्या मागच्या गल्लीत बनवून, चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या करतात. सोमवारी सकाळी जुन्या बाजारात त्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या असतात. सुहुआ गुडघ्यावर हात टेकून खाली बसते, एकेक फिरवते आणि दोन फुलांच्या मधल्या पानावरून अंगठा फिरवते.

"आजी," परवा एक विक्रेता म्हणाला, "लोक सूर्य बघून घेतात. तुम्ही तिची पाठ काय चाचपताय?"

"पान जाड आहे का बघते."

"जाड असलं तर तो दोष झाला. भाव कमी करतो."

"कर," सुहुआ म्हणाली आणि तिने पुढची फुलदाणी फिरवली.