मावशी आणि पडद्यावरची आई

मावशी सिनेमा बघायची ती त्यातल्या घरांची झडती घेतल्यासारखी. गोष्टीपेक्षा तिचं लक्ष ओट्यावर, भांड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर. "एवढं मोठं घर, आन मासली कोनच खात नाय?" असं ती विचारायची. वयात येणाऱ्या मुलींचे सिनेमे तिला विशेष आवडत, पण शेवटी ती कुरकुरायचीच. "पोर मोठी झाली, पन हिची आय दिवसभर काय करते ते काय कललं नाय."

आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. घर केळव्याला, कोळीवाड्यात. ती बोईसरच्या बाजारात मासे विकायची, मी बोईसरलाच शाळेत होते. नववीत असताना मी डबा विसरले म्हणून ती माशांची पाटी घेऊन थेट वर्गाच्या दारात आली. पुढच्या बाकावरच्या दोघींनी नाकाला रुमाल लावला. घरी येऊन मी तिला म्हणाले, "मी तुझ्यासारखी कधीच होणार नाही. तुला हात लावला तरी मला वास येतो." ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता तिनं उरलेले साफ केले. त्यानंतर ती शाळेत आली नाही.

पुढच्या वर्षी गावात सिनेमावाले आले. कोळ्यांच्या मुलीची गोष्ट होती. मावशीला आनंद आवरेना. "आता तरी आपलं घर दिसंल," म्हणत तिनं स्वयंपाकघर त्यांच्या हवाली केलं. संवाद लिहिणारी एक ताई रोज माझ्याशी ओटीवर गप्पा मारायची. इतक्या आपुलकीनं माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. एका दुपारी रडत रडत मी तिला ते भांडण सांगितलं. ती वहीत लिहीत होती. मी तिला थांबवलं नाही.

नायिका मुंबईची होती. रोज सकाळी तिला काळसर रंग फासताना बघून मावशीनं मेकअपवाल्याला हटकलं, "का रं, आमच्यात गोऱ्या पोरी नसतात काय?" तो नुसता हसला. आईचं काम करणाऱ्या बाईंना मासा कापता येईना, तेव्हा कॅमेऱ्यात हात मावशीचे घेतले. आठवडाभर ती ते गावभर सांगत होती.

सिनेमा बोईसरला लागला, तेव्हा शेजारच्या चौघींना घेऊन आम्ही गेलो. पडद्यावर हात आले. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. "बग, बग!" आणि पुढच्याच क्षणी ती रंगवलेली मुलगी माझं वाक्य बोलली. शब्दन् शब्द तेच. थिएटरात कुणीतरी हुंदका दिला. मावशीचं कोपर माझ्यापासून दूर झालं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना तिनं विचारलं, "त्या लिवनाऱ्या बाईला हे कोनी सांगितलं?"

"मी."

"मंग ते खरंच व्हतं," ती म्हणाली. "मी समजलेली, रागात बोललीस."

मी काही म्हणायच्या आत रिक्षा आली. त्या दिवसानंतर तिनं माझ्या खाण्यापिण्यात, शिक्षणात काही कमी केलं नाही. फक्त माझ्या केसांना तेल लावणं सोडलं. मीही कधी तिच्यासमोर जाऊन बसले नाही.

बारा वर्षांनी ती पालघरच्या दवाखान्यात होती, तेव्हा मी माफी मागितली. तिला बोलताना धाप लागत होती.

"तुजी चूक नाय गो. त्या सिनेमातल्या आयनं पोरीला लगेच जवल घेतली. मला तसं जमलं नाय. वाटायचं, आपलंच कालीज लहान."

इतकी वर्षं ती स्वतःला त्या बाईशी ताडून बघत होती. ती आई कुणीतरी लिहिलेली होती, तिचं दुखणं दोन तासांत मिटवायचं होतं म्हणून मिटवलेलं होतं, हे मी तिला सांगायला हवं होतं. पण ते मला दुसऱ्या दिवशी, दवाखान्याचा जिना चढताना सुचलं. वर पोचले, तेव्हा नर्स तिच्या रिकाम्या खाटेची चादर बदलत होती.