पाटी दार ओलांडून गेली

फुकटच्या सुखावर शिगेनोचा कधीच विश्वास नव्हता. चाळीस वर्षं तिने तोफूचं दुकान चालवलं आणि पुढ्यात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे आधी संशयाने पाहिलं. नवरा एइकिची गेला तेव्हासुद्धा मनापासून कोण रडतंय आणि जेवणावर डोळा कुणाचा आहे, हे ती रुमालाआडून न्याहाळत होती.

ब्याऐंशीव्या वर्षी गल्ली तिच्याशी एकाएकी गोड वागायला लागली. शेजारची मित्सुयो दिवसाआड मोची, तांदळाचे मऊ गोड गोळे, आणून द्यायची. पलीकडचा होरिकोशी, गल्लीचा प्रमुख, वाटेत थांबून म्हणायचा, "आजी, खूप केलंत. आता खा, प्या, गरम पाण्यात बसा. नुसतं सुख घ्या."

'याला माझी जागा हवीय की काय?' शिगेनोच्या मनात येई.

तरी तिने सुख घेऊन पाहिलं. रोज दुपारी गल्लीच्या सामाईक, गरम पाण्याच्या कुंडात ती गळ्यापर्यंत बसे. दोन दिवस झकास वाटलं. आठवड्याने ते नुसतं गरम पाणी झालं, आणि घरी जाऊन पुढे काय करायचं ते कळेना.

कुंड घासायची पाळी घरोघर फिरायची. लाकडी पाटी ज्याच्या दारावर, त्याने पहाटे कुंड घासायचं आणि पाटी पुढच्या दारावर टांगायची. मित्सुयोनंतर शिगेनो, शिगेनोनंतर होरिकोशी. पण यंदाच्या वसंतात पाटी तिच्याकडे आलीच नव्हती. मित्सुयो विसरणाऱ्यातली नव्हे, म्हणून शिगेनो पडद्याआड दबा धरून बसली.

मित्सुयोने आपल्या दारावरची पाटी काढली, शिगेनोच्या खिडकीकडे चोरून पाहिलं आणि चवड्यांवर पुढे जाऊन ती थेट होरिकोशीच्या दारावर टांगली.

शिगेनो पडद्यामागून उठली. पाटी एखादं दार ओलांडून पुढे जाते, ते घर सुतकात असलं तरच. एइकिची गेला तेव्हा सुतकाचे एकोणपन्नास दिवस ती अशीच गेली होती. तिने देव्हाऱ्यातल्या त्याच्या फोटोकडे पाहिलं. पुढ्यात गरम भात, चहा, मित्सुयोचीच मोची. याला मिळतं तेच मलाही मिळतंय की! वेळेवर गोडधोड, आणि काम म्हणून कुणी काही सांगत नाही. तिला खरोखर भीती वाटली.

संध्याकाळी तिने होरिकोशीच्या दारावरची पाटी उचलून आपल्या दारावर टांगली. पहाटे कुंड रिकामं करून ती गुडघ्यांवर बसली आणि घासायला लागली. कंबर बोंब मारत होती.

शिगेनोचं दार उघडं आणि वर पाटी पाहून मित्सुयो हातातल्या मोचीसकट कुंडाकडे धावत आली. "अगंबाई, आजी! हे काय चालवलंय?"

"माझ्या घरात कोण मेलंय, ते आधी सांग."

मित्सुयोचा चेहरा उतरला. "थंडीत तुम्ही इथेच घसरला होतात, मी पाहिलं. म्हणून आम्ही ठरवलं, तुम्हाला त्रास नको, सुखात राहा."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर ऐकलं असतंत?"

"मुळीच नाही." शिगेनोने ब्रश आपटला. "ती मोची एइकिचीपुढे ठेव जा. गोड खाऊन गप्प बसायचं काम त्याचं. आणि येताना दुसरा ब्रश आण, तो कोपरा मला वाकून जमत नाही."