पिवळी वही

माझं इंग्रजी कुठल्या शाळेतलं नाही, हे आधीच सांगून टाकते. यजमानांची बोईसरला नोकरी, म्हणून आम्ही साताऱ्याकडून इकडे आलो, आणि मुलांची पुस्तकं वाचता वाचता मी शिकले. मुलांचं शिकून झालं, नोकऱ्या लागल्या, माझं आपलं चालूच राहिलं. आता आजूबाजूला कुणाचं इंग्रजीत अडलं की येतात माझ्याकडे.

तशीच ती आली. आमच्या मागच्या चाळीत भाड्याने राहायची. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली, पस्तिशीची बाई. रंगाच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून पिशव्यांत पावडर भरायचं काम. बोटं पिवळी, नखं पिवळी, कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या. आणि सतत खोकला. कंपनीच्या लॅबमध्ये बाटल्यांना चिठ्ठ्या लावायला बाई हवी होती, पण दहावी पास. म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून ही बाहेरून परीक्षेला बसलेली. सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं.

"काकू, त्या पावडरीतून मला बाहेर काढा," पहिल्याच दिवशी म्हणाली.

सकाळपाळी सुटली की चारला यायची. वही उघडली की पानावर पिवळी बोटं उमटायची. 'अ', 'ॲन', 'द' तिला पटतच नसत.

"कंपनीत एवढे बोर्ड हायत, कुठंच नाय तो 'द'. नो स्मोकिंग, वेअर मास्क. कुणाचं काय अडतं?"

"तुझा पेपर कंपनीवाले तपासत नाहीत गं बाई."

लिहायची तेही सगळं मोठ्या अक्षरांत, पिशव्यांवर छापलेलं असतं तसं. मी म्हटलं, मोठं अक्षर फक्त नावाला. मनोर मोठ्या अक्षराने, कामगार लहान.

"म्हंजे माझं गाव कॅपिटल, नि मी बारीक?" असं म्हणून हसली, आणि हसता हसता इतकी खोकली की मी उठून पाणी आणलं. खोकला थांबल्यावर पुन्हा 'इन', 'ऑन', 'ॲट'. चिवट होती. सहा-सात महिने एक दिवस चुकवला नाही तिने.

पास झाली. पेढे घेऊन आली. मी गल्लीभर सांगत सुटले.

लॅबची जागा कंपनीची, म्हणून आधी मेडिकल. ठेकेदाराकडच्या बायांना तोवर कुणी कधी तपासलंच नव्हतं. छातीचा फोटो काढला. दोन्ही फुफ्फुसं खराब. लॅबचं काम गेलंच, आणि एकदा कागदावर आल्यावर ठेकेदारही तिला पावडरीवर घेईना. हे तिने मला दारातच उभं राहून सांगितलं. आत ये म्हटलं तर आली नाही. मागे लागून तिची दहावी पुरी करून घेणारी मीच ना?

पंधरा दिवसांनी आली ती हातात एक फॉर्म घेऊन.

"काकू, हितं तब्येतीची एक ओळ लिवायची हाय. इंग्रजीत, आपल्या हातानं."

"काम कसलं?"

"पावडरच. दुसरी कंपनी. ते फोटो काढत नाय छातीचा. लिवून दिलं की झालं."

मी खूप बोलले. पालघरच्या सरकारी दवाखान्यात चल, मी येते बरोबर. थोडे दिवस गावी जाऊन राहा. ती ऐकून घेत होती.

"गावाला पावसापुरतं पिकतं, काकू. मंग काय खाऊ? तुमचा 'द'?"

तिने फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला, पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, आय ॲम. मग थांबली.

"गुड हेल्थच्या आधी काय येतं? 'विथ' का 'इन'?"

चुकीचं सांगावं असं एकदा मनात आलं. पण 'विथ' लिहिलं म्हणून तिला कुणी कामावरून परत पाठवणार होतं थोडंच! नुसतेच हसले असते तिला.

"इन," मी म्हटलं.

तिने लिहिलं. शेवटी पूर्णविराम दिला, तोंडावर पदर धरून खोकली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. कोपऱ्यावर ठसा नव्हता. पंधरा दिवसांत बोटं साफ झाली होती.

"बरोबर हाय?"

"हाय," मी म्हटलं.