सोनालीचं टिंब

शाळेत टॅब आला तेव्हा वाटलं, काम वाढलं. वाढले ते किस्से! नाशिकला मित्राकडे गेलो की चहा निवेपर्यंत मी सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेचंच सांगत बसतो. बायको म्हणते, "झाले सुरू." होऊ दे. अशी शाळा आहे का कुणाची?

तर टॅबवर प्रत्येक पोराचं एक टिंब. नुसती अक्षरं येतात त्याचं लाल, शब्द वाचतो त्याचं पिवळं, सलग मजकूर वाचतो त्याचं हिरवं. खाली एक पट्टी. ती बोटानं सरकवून ठरवायचं, कुणी कधीपर्यंत हिरवं व्हायचं.

पहिल्याच दिवशी माझ्या जोडीच्या जाधव सरांनी अख्ख्या दुसरीची पट्टी संक्रांतीवर आणली. टॅबनं विचारलं, 'लक्ष्य फार मोठे आहे. नक्की?'

"याला आपली पोरं कुठं माहितीयेत!" म्हणत सरांनी 'होय' दाबलं.

*

रेंज फक्त टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी. शाळा सुटली की आम्ही दोघं टॅब घेऊन वर, आणि मागे सगळी दुसरी, आपापलं टिंब बघायला. एकाचं पिवळं झालं तर त्यानं टॅबलाच वाकून नमस्कार केला.

जाधव सर म्हणाले, "अरे, शिकवलं मी!"

*

पालकसभेत टिंबं भिंतीवर दाखवली. सोनालीचं लाल होतं. तिची आई, हिराबाई, एकदम खूश. शेजारणीला म्हणाली, "माझ्या पोरीचं बघ, कुंकवावानी हाय."

मी हळूच सांगितलं, लाल म्हणजे अजून वाचता येत नाही. बाईनं पुन्हा भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "गुरुजी, दिवाळी झाली का आमी द्राक्षाच्या कामाला जातो. पोरगी बी संगं. तवर व्हईल का हिरवं?"

टॅबचा अंदाज होळीचा होता. मी काही बोलायच्या आत सोनाली पुढे आली आणि तिनं आपली पट्टी दिवाळीवर ओढली. मला विचारलंसुद्धा नाही. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन माझ्याशेजारी. टिंब पिवळं झालं, तोवर दिवाळी झाली आणि मजूर न्यायला मुकादमाची जीप आली. दोन पुस्तकं तिच्या पिशवीत कोंबली.

*

बागांमधले घड गोड व्हायला लागले तेव्हाची गोष्ट. आम्ही टाकीपाशीच होतो, म्हणून हिराबाईचा फोन लागला.

"गुरुजी, टोळीतली पोरं द्राक्षं तोडाय धावली. सोनाली आडवी आली. म्हणती, पाटीवर लिवलंय."

"काय लिहिलंय? द्या तिला."

सोनाली सावकाश वाचू लागली. "औषध मारले आहे. द्राक्षे खाऊ नयेत. लहान मुलांना बागेत सोडू नये."

जाधव सरांनी तिथल्या तिथे टिंब हिरवं केलं. टॅबनं विचारलं, 'कोणती गोष्ट वाचली?' सरांनी लिहिलं, 'द्राक्षांची.'

फोन परत हिराबाईकडे गेला, तसा मी म्हणालो, "झालं हिरवं. होळीच्या आधी."

ती म्हणाली, "गुरुजी, माझं बी एक टिंब टाका त्यात. लालच टाका."