टेलरमावशींची साक्ष

बाप्तिस्म्याचा झगा शिवणं वाटतं तितकं सोपं नाही. माणूस हौदात उतरला की कापड फुग्यासारखं वर येतं आणि चारचौघांत पंचाईत होते. म्हणून घेराच्या दुमडीत शिशाचे चपटे तुकडे शिवावे लागतात. आमच्या इमारतीतल्या टेलरमावशी हे काम बारा वर्षं करत होत्या. तळमजल्यावरच्या प्रार्थनाघरातले निम्मे लोक त्यांच्याच झग्यात पाण्यात उतरले. त्या स्वतः मात्र कधी उतरल्या नव्हत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आधी गिऱ्हाईक, मग घरचं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं मनगट धरलं. कात्री उचलेना. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. मंगळवारी त्या चार जणींना घेऊन आल्या आणि मावशींच्या मनगटावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. मावशींना हुंदकाच फुटला. इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, आपली विचारपूस करायला कुणी आलं ते पहिल्यांदाच. गुरुवारी नवऱ्याबरोबर जाऊन त्यांनी डॉक्टरकडून मनगटात इंजेक्शन घेतलं. पुढच्या मंगळवारी हात चालू लागला होता.

"प्रार्थनेनंतरच ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

ते खोटंही नव्हतं. गुरुवार मंगळवारनंतरच येतो.

मग ती गोष्ट जिन्याजिन्यातून फिरली. नवीन कुणी प्रार्थनेला आलं की बाई म्हणत, "मावशी, देवाने कसं बरं केलं, ती तुमची साक्ष सांगा हो." मावशी सांगत. गुरुवार तेवढा दर वेळी गाळत. घरी नवरा टोमणा मारायचा, "त्या डॉक्टरलाही एकदा बोलव तुमच्या प्रार्थनेच्या मंडळीत. बिचाऱ्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही."

"हळू बोला, भिंतीला कान असतात."

"असू देत. त्यांना तरी खरं कळेल."

मावशींची श्रद्धा मात्र खरी होती. म्हणूनच त्यांनी शेवटी बाप्तिस्म्याला होकार दिला आणि स्वतःच्या मापाचा झगा बेतला. तो शिवत असतानाच कोपऱ्यावरची इस्त्रीवाली कपडे घेऊन आली. मावशींची साक्ष ऐकूनच ती मंडळीत यायला लागली होती.

"मावशी, तुमच्यासारखाच विश्वास धरलाय मी. शुगरच्या गोळ्या बंद! आठ दिवस झाले."

मावशींनी मशीन थांबवलं. "अगं वेडे, डॉक्टरला विचारलंस?"

"तुम्ही कुठे विचारलं होतं?" ती हसत म्हणाली आणि गेलीसुद्धा.

मावशी तशाच उठून बाईंकडे गेल्या आणि इंजेक्शनचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सैतान आयत्या वेळी असाच शंका घालतो. इतक्या जणी तुमच्या शब्दावर उभ्या आहेत, आता पायाखालची फळी काढू नका." मग मावशी प्रार्थनाघराच्या पाळकसाहेबांकडे गेल्या, तर ते घाईतच होते. "बरं करणारा प्रभूच, मावशी, हात कुणाचा का असेना. रविवारी हौदातली साक्ष दोन मिनिटांत आटपा, बाप्तिस्म्याला सात जण आहेत." इस्त्रीवालीला पुन्हा गाठून तेच सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही माझी परीक्षा घेताय, कळतंय मला." ज्या तोंडाने गोष्ट सांगितली, त्या तोंडाचं आता कुणी ऐकेना.

रविवारी मावशी हौदात उतरल्या. पाणी कमरेपर्यंत, गार. शिशामुळे झगा पायांशी घट्ट बसलेला. पाळकसाहेबांनी खूण केली.

"माझा हात इंजेक्शनने बरा झाला," मावशी म्हणाल्या. "प्रार्थना मंगळवारी, इंजेक्शन गुरुवारी. मी ते लपवलं."

 मग पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, "आमेन! प्रभू डॉक्टरलाही वापरतो!" टाळ्या पडल्या. बाईंनी डोळे पुसले. इस्त्रीवालीसुद्धा भारावून टाळ्या वाजवत होती. मावशींचा कबुलीजबाबही साक्षच ठरला.

पाण्यात बुडवून काढायला पाळकसाहेबांनी त्यांच्या पाठीला हात लावला. मावशींनी हौदाची कड पकडली.

"थांबा. ए पोरी, आज गोळी घेतलीस?"

"नाही मावशी," इस्त्रीवाली अभिमानाने म्हणाली.

"घरी जा. दोन घास खा, गोळी घे, मग ये. तोवर मी इथेच उभी आहे."

"मावशी, मागे सहा जण आहेत," पाळकसाहेब कुजबुजले.

"त्यांचे झगे मीच शिवलेत. थांबतील."

"देव रागावेल हो," इस्त्रीवाली रडकुंडीला आली.

"माझ्यावर रागावू दे. तू जा."

बाईंनी गाणं सुरू करून पाहिलं, पण कुणी साथ दिली नाही. इस्त्रीवाली एकदा पाळकांकडे, एकदा बाईंकडे बघत राहिली. शेवटी तिने चपला पायात सरकवल्या आणि निघाली. मावशींचे दात वाजायला लागले होते. नवऱ्याने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि तो हौदाच्या पायरीवर बसून राहिला. मावशी दाराकडे बघत पाण्यात उभ्याच होत्या.