आक्काच्या नावावरची गाडी

आक्काला बँकेने कर्ज नाकारलं ते एका गाडीपायी, आणि आक्काला तर धड सायकलही चालवता येत नव्हती.

आक्का कवळ्या बनवायची. सव्वीस वर्षं तेच काम. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची. त्यांवरून प्लास्टरचे साचे ओतायचे, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, त्यात एकेक दात बसवायचा आणि शेवटी घासूनपुसून सगळं असं गुळगुळीत करायचं, की जिभेला कुठे म्हणून खुपायला नको. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट लॅबमध्ये पाच टेबलं होती, त्यातलं खिडकीजवळचं तिचं. नखांत कायम गुलाबी भुकटी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारेही एव्हाना थकले होते. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ सातवीत होता. त्याची फी, त्याचे फॉर्म, पुढे त्याचं लग्न, सगळं तिनेच निभावलं. घरचे आक्का म्हणत, म्हणून लॅबमधलेही म्हणायला लागले. शेवटी तीसुद्धा फोन उचलला की "आक्का बोलतेय" असंच म्हणे.

लॅबचे मालक सत्तरीला आले, हात थरथरायला लागला. एक दिवस त्यांनी तिला बाजूला घेतलं. "मी हे आता विकतोय. दोघं जण विचारून गेलेत. पण तू घेतलीस तर माझा जीव भांड्यात पडेल. महिनाभर थांबतो तुझ्यासाठी."

त्या दिवशी पन्नाशी ओलांडलेली आक्का दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली. दुसऱ्याच दिवशी बँकेत कागद दिले. काळजी अशी नव्हतीच. नोकरीत खंड नाही, कुणाची उधारी नाही. आठव्या दिवशी बँकेतल्या साहेबांनी तिला बोलावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, तुमच्या गाडीच्या कर्जाचे सात हप्ते थकलेत. अशात नवं कर्ज कसं देणार आम्ही?"

"माझे?"

"नाव तुमचं आहे. सहीही तुमचीच दिसतेय."

काय झालं असेल हे आक्काला विचार न करताच कळलं होतं.

दीड वर्षामागची गोष्ट. धाकटा तिच्याकडे आला होता, हातात फळांची पिशवी. तो फळं घेऊन आला की काहीतरी मागायला आलाय हे समजायचं. त्याने कसलं तरी जुनं कर्ज बुडवलं होतं, त्यामुळे त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. "आक्का, गाडी घेतो आणि भाड्याने फिरवतो. हप्ते मी भरणार. तू फक्त सही कर." आक्का म्हणाली, बघते. तर संध्याकाळी आईचा फोन. "सख्खा भाऊ आहे तुझा. सही करायला हात दुखतो का?"

शोरूममध्ये विक्रेता पानं अशी भराभर उलटत होता, की जणू त्याचीच गाडी सुटत होती. आक्काने विचारलं होतं. हे तिला नंतर सगळ्यात जास्त झोंबलं, की तिने विचारलं होतं. "गाडी भाऊ चालवणार आहे. तसं लिहायला नको का?"

"कशाला उगाच फाटे फोडता, ताई? तसं लिहिलं तर पास होणार नाही. सगळ्यांचं असंच असतं."

भाऊ शेजारी उभा राहून मोबाईलवर त्याच गाडीचे फोटो काढत होता. आक्काने अकरा ठिकाणी सह्या केल्या. मग पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली तिच्या हातात देऊन फोटो काढला. खऱ्या किल्ल्या दोन होत्या. एक भावाने घेतली, दुसरी तिच्या पर्समध्ये पडली ती पडलीच.

बँकेतून आक्का घरी गेली नाही, लॅबमध्ये गेली नाही. थेट भावाच्या दारात. इमारतीखाली गाडी उभी होती, धुऊन चकचकीत केलेली. तिने काचेला नाक लावून आत बघितलं. सगळ्या सीटना नवीकोरी मरून रंगाची कव्हरं, पांढऱ्या दोऱ्याची शिवण. हप्ता भरायला नाही आणि गाडीला हे नखरे! पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचा नुसता भडका उडाला होता.

भाऊ सोफ्यावर पाय घेऊन बसला होता. आई खुर्चीत. भावजय दार उघडून जी आत गेली ती स्वयंपाकघराच्या चौकटीतच उभी राहिली.

"हप्ते का नाही भरलेस?"

"भरणारच होतो गं. धंदा बसला जरा."

"सात महिने बसलाय? आणि मला पत्र नाही, फोन नाही, असं कसं?"

मग भावजयच पुढे आली, टीव्हीखालचा खण ओढला आणि न बोलता बाजूला झाली. आत पत्रांचा गठ्ठा, बहुतेक न फोडलेली. प्रत्येकावर आक्काचं नाव आणि भावाचा पत्ता. फॉर्मवर पत्ता त्याचा, फोन नंबरही त्याचाच.

"तुला उगाच टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही," भाऊ म्हणाला.

"टेन्शन नको म्हणून!" आक्काचा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. "अरे, माझी लॅब गेली हातची! सव्वीस वर्षं ज्या टेबलावर मान मोडून काम केलं ते माझं होणार होतं, आणि तू इथे गाडीला कपडे शिवतोयस?"

"हे बघ, अशी अंगावर येऊ नकोस."

"गाडी विकायची. आजच्या आज."

आता भाऊ उठून उभा राहिला. "गाडीला हात लावायचा नाही. सुरुवातीचे पैसे मी भरलेत. कागदावर नाव तुझं असेल, पण गाडी माझी आहे."

"आणि कर्ज?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"कर्ज माझं आणि गाडी तुझी. वा रे वाटणी!"

आई इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती म्हणाली, "आक्का, आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावले तरी सांगायचं कुणाला?"

"आई, माझं पोट दातांवर चालतं. किडलेला दात आपलाच आहे म्हणून कुणी तोंडात ठेवत नाही."

"त्याची बायको-मुलं आहेत. तुझं काय, तू एकटी."

आक्काने पत्रांचा गठ्ठा काखेत मारला आणि निघाली.

पुढच्या सोमवारी तिने लॅबमधून सुट्टी घेतली आणि गाडीसाठी कर्ज देणाऱ्या कंपनीचं ऑफिस गाठलं. सगळी पत्रं तारीखवार लावून नेली होती. तक्रारी बघणारी बाई तिशीची होती, बोलायला अगदी गोड. तिने फाईल उघडली, दोन पानं वाचली आणि आणखी गोड झाली.

"मॅडम, इथे लिहिलंय, वापर स्वतःसाठी. मुख्य चालक, अर्जदार स्वतः. आता तुम्ही म्हणता गाडी भावाची. म्हणजे खरं तर चुकीची माहिती तुम्ही दिलीत."

"दिली. चूक माझी आहेच, आणि माझ्या चुकीचं मी बघून घेईन. तुमच्या चुकीचं कोण बघणार?"

"आमची काय चूक?"

"मुख्य चालक मी ना? मला गाडी चालवता येत नाही. परवानाच नाही माझ्याकडे. मग तुम्ही काय बघून कर्ज दिलंत?"

बाईने पान उलटलं. "इथे परवान्याचा नंबर आहे की."

"कुणाचा?"

बाईने तो नंबर कॉम्प्युटरवर घातला आणि थांबली. मग पुन्हा एकदा घातला. तिचा गोडवा हळूहळू उतरताना आक्काला दिसला. कॉम्प्युटरचा पडदा वळवून तिने दाखवला नाही, पण आक्का खुर्चीतून अर्धी उठली आणि वाकून बघितलं. भावाचं नाव, भावाचा फोटो, मिशी ठेवायचा तेव्हाचा.

"म्हणजे गाडी कोण चालवणार हे तुमचा फॉर्म भरणाऱ्या त्या शोरूमवाल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," आक्का म्हणाली. "मला म्हणाला, लिहू नका, पास होणार नाही. आणि स्वतः मात्र त्याचाच नंबर घालून मोकळा झाला. गाडी विकल्याबद्दल दलाली मिळाली असेल ती घेऊन तो सुखात असेल. आता मला हे सगळं लिहून द्या."

"लिहून लगेच नाही देता येणार, मॅडम. वर पाठवावं लागेल."

"पाठवा. मी बसते."

ती बसली. दुपारी जेवायच्या सुट्टीत दिवे बंद झाले तरी बसली. चार वाजता एक साहेब बाहेर आले, आणि पाच वाजता तक्रार दाखल झाल्याचा शिक्का मारलेला कागद तिच्या हातात पडला. निकालाला दीड महिना लागेल म्हणाले. तोवर गाडी ताब्यात घेऊन विकली तर बोजा कमी होईल, आणि गाडी कुणाच्या ताब्यात असावी म्हणाल तर ज्याचं नाव त्याच्या, असंही साहेबांनी सांगितलं. तेवढं वाक्य तिने त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

रविवारी सकाळी आक्का भावाच्या इमारतीखाली हजर. सोबत तासाच्या बोलीवर ठरवलेला एक ड्रायव्हर, पोट सुटलेला, शांत. तिने पर्समधून किल्ली काढून त्याला दिली. गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून भाऊ गॅलरीत आला आणि दुसऱ्या क्षणी बनियनवरच खाली.

"चोरी आहे ही! पोलिसांना बोलावतो!"

"बोलाव. कागद माझ्याकडे आहेत. तूही तुझे घेऊन ये, असले तर."

वरच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. समोरचा दुकानदार बाहेर येऊन हात बांधून उभा राहिला. भावाने सगळीकडे बघितलं, गाडीच्या पुढे उभा राहिला, बाजूला झाला, आणि मग ओरडला, "मग माझी सीटकव्हरं दे! ती मी माझ्या पैशांनी घेतलीत!"

क्षणभर आक्काला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला. या पोराला तिने हाताला धरून शाळेत नेलं होतं. आणि आज रस्त्यात उभा राहून तो कव्हरं मागत होता, माफी नव्हे.

"बरं," ती म्हणाली. "देते."

तिने मागचं दार उघडलं आणि कामाला लागली. कव्हरं घट्ट बसवलेली होती. सीटखालून आकडे, मागून बंद, डोक्याच्या उशांना वेगळ्या टोप्या. सव्वीस वर्षं मेणात दात लावणाऱ्या बोटांना आकडे काढायला कितीसा वेळ लागणार, पण तिला घाईही नव्हती. एक आकडा, दुसरा आकडा. ड्रायव्हरने विचारलं, "ताई, निघायचं का?" ती म्हणाली, "तासाचे पैसे घेताय ना? बसा." मग तो बिचारा स्वतःच्या सीटचं कव्हर तिला काढता यावं म्हणून खाली उतरून उभा राहिला. सगळी गल्ली बघत होती. भाऊ आधी रागाने लाल, मग नुसताच उभा, मग म्हणायला लागला, "राहू दे, आक्का. राहू दे ना." तिने ऐकलं नाही. एकेक कव्हर घडी घालून त्याच्या हातांवर ठेवत गेली. शेवटची टोपी वर ठेवली तेव्हा ढीग त्याच्या हनुवटीपर्यंत आला होता.

"मोजून घे," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

गाडी दहा दिवसांत विकली गेली, आली त्या किमतीला. कंपनीचा निकाल दीड नव्हे, तीन महिन्यांनी आला. दंड आणि थकलेलं व्याज माफ, विक्रेत्याने माहिती चुकीची भरल्याचं मान्य, तिच्या नावावरचा बट्टा पुसण्यासाठी बँकांना कळवत आहोत. मुद्दलातलं उरलेलं मात्र तिने फेडायचं. तिने फेडलं. सह्या केल्या होत्या ना.

लॅब तोवर गेली होती. मालकांनी महिन्याऐवजी दोन महिने वाट पाहिली, मग त्यांचाही इलाज चालेना. ज्याने घेतली त्याला मेण कसं वितळवायचं हे आक्कानेच शिकवलं होतं. तो तिला मान द्यायचा, पण पहिल्याच आठवड्यात खिडकीजवळच्या टेबलावर स्वतः बसला. आक्काने एक महिना काढला. मग नोटीस दिली आणि आपल्या दोन खोल्यांतली पुढची रिकामी केली. नव्या कवळ्यांना लागणारी यंत्रं तिच्याकडे नव्हती. पण मोडक्या कवळ्या दुरुस्त करायला हात लागतात, आणि ते तिच्याकडे होते. कवळ्या तर रोज मोडतात. कुणी शिंकताना बेसिनमध्ये पाडतो, कुणाची कुत्रा चघळतो. पहिल्या वर्षी तीन डॉक्टर काम पाठवायचे, दुसऱ्या वर्षी नऊ. लोक म्हणायचे, बघ, झालं ते बऱ्यासाठीच झालं. असं म्हणणाऱ्याला आक्का सुनावायची, "बऱ्यासाठी नाही झालं. वाईटच झालं. मी त्यातून बाहेर आले एवढंच."

भावाशी ती बोलत नाही. आईचा फोन येतो, गुडघ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळं बोलणं होतं. परवा आई स्वतःच आली, जिना चढून धापा टाकत. आक्काने तिला खुर्ची दिली, गॅसवर भांडं ठेवलं. खिडकीतून बघितलं तर खाली कुणाच्यातरी गाडीला टेकून धाकटा उभा होता. केस पांढरे व्हायला लागलेत. हातात फळांची पिशवी नव्हती, हे तिच्या लक्षात आलं.

"सुधारलाय गं तो आता," आई म्हणाली. "नोकरी धरलीय. उन्हात उभा आहे केव्हाचा. बोलावू का वर?"

आक्काने एकच कप काढून आईसमोर ठेवला.

"चहा तुझ्यापुरताच टाकलाय, आई."