फोर्क आणायचा राहिला होता

आमचे हे गेले, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी परतले, आणि मी सायकलचा फोर्क आणायला निघाले. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कोणी ताट वाढलं की जेवत होते. डोक्यात एवढंच होतं, की एक काम राहिलंय.

काम ह्यांचंच. पन्नाशीनंतर ह्यांना सायकलचं खूळ लागलं. सायकल म्हटलेलंही चालायचं नाही, "रोड बाईक म्हण." रविवारी पहाटे सीवूड्सहून निघायचे ते थेट उरणपर्यंत. तिथे एकदा कंटेनरच्या ट्रेलरांनी पाडलेल्या खड्ड्यात आपटले. स्वतःला खरचटलंही नाही, पण पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो भाग असतो, फोर्क, त्याला चीर गेली. तेव्हापासून सायकल गॅलरीत आणि फोर्क आमच्या जेवणाच्या टेबलावर. कार्बनचा घ्यावा की स्टीलचा? कार्बन हलका, पण कधी तडकेल सांगता येत नाही. स्टील जड, पण तुटायच्या आधी निदान वाकतं तरी. आमटी निवून जायची, ह्यांचं काही ठरायचं नाही.

"फ्रिज घेताना एवढा विचार केला नव्हता," मी म्हणायचे.

"फ्रिजवर बसून मला उतारावरून जायचं नव्हतं," हे म्हणायचे.

मग एका दुपारी रबाळ्याला, कारखान्यात, डबा खाऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. पुढचं सगळं दिरांनी केलं. नातेवाइकांना फोन त्यांनी केले, सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनीच टाकलं. भेटायला येणाऱ्याला सगळं माहीत असायचं. मला ते वाक्य कोणाला सांगावंच लागलं नाही, आणि सांगितलं नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. ह्यांचा फोन मात्र माझ्या पर्समध्ये असायचा. बँकेचा, गॅसचा, विजेचा, प्रत्येक ओटीपी मेला त्याच्यावरच यायचा. म्हणून रोज चार्ज करायचे.

चिरलेला फोर्क ह्यांनी स्वतःच काढून जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. ब्लाउजपीससाठी साडी घेऊन मॅचिंग सेंटरला जावं, तशी मी तो कापडी पिशवीत घालून सायकलच्या दुकानात गेले.

दुकानदाराने टॉवेल उलगडला आणि लगेच ओळखलं. "अरे, हा तर आपल्या उरणवाल्या काकांचा! खूप दिवस दिसले नाय. कामात काय?"

मी मान डोलावली. तेच सोपं होतं.

त्याने दोन फोर्क काउंटरवर ठेवले. मी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा उचलून पाहिला. ह्यांना जे इतके दिवस जमलं नाही, ते मी चहा यायच्या आत ठरवलं. "स्टीलचा द्या."

"बरं झालं काकू, तुमी आलात. काका आले असते तर अजून दोन फेऱ्या झाल्या असत्या." तो हसला. मीही हसले असेन.

नव्या फोर्कच्या वरच्या अंगाला एक लांब नळी होती. त्याने एका हातात करवत घेतली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर ठेवलं. "ही कंपनीतून अशी लांबच येते. चालवणाऱ्याच्या मापाने कापायची. एकदा कापली की परत जोडता येत नाय. जुन्या मापाने कापली असती, पण काकांची पाठ दुखते ना? हँडल थोडं वर पाहिजे बोलले होते. किती वर, तेवढं विचारा ना त्यांना फोन लावून."

प्रश्न अगदी सरळ होता. किती वर ते ह्यांनाच माहीत असणार. मी पर्समधून माझा फोन काढला, ह्यांचा नंबर लावला आणि कानाला धरून उभी राहिले. बाहेर कोणीतरी रिक्षा मागे घेत होतं. हे नेहमीच उशिरा उचलायचे.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या पर्समध्ये फोन वाजतोय."

"तो माझा नाही," मी म्हणाले. "ह्यांचा आहे."

"मग काका?"

"हे वारले," मी म्हणाले. "गेल्या महिन्यात."

माझ्या तोंडून पहिल्यांदाच. त्याने करवत खाली ठेवली. पर्समध्ये रिंग वाजतच होती. ती थांबवायची तर मला कानाला लावलेला फोन खाली घ्यायला हवा होता, आणि तो काही केल्या मला खाली घेववेना.